औषध एकच, कृती कोणाची?

नागपूरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी आहे. नागपूरहून तिथे जायचे तर हमरस्त्याने एस. टी. मिळते. वर्ध्याकडे जाणाऱ्या आगगाडीने बुटीबोरी स्टेशनवर उतरता येते. आणि ज्याला घाई नाही त्याने हिंगण्यावरून टाकळघाटमार्गे खुशाल वळसा घालून यावे. गाव एकच, वाटा तीन.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पॉलिएस्टरचा एक मोठा कारखाना आहे. तुमच्या शाळेच्या गणवेशाचे कापड नीट पाहिलेत तर त्यात सुताच्या जोडीला पॉलिएस्टरचा धागा बहुधा सापडेलच. या धाग्यापर्यंतही दोन वाटांनी जाता येते. टेरेथॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल यांची सांधेजोड केली की पाणी बाहेर पडते आणि पॉलिएस्टर तयार होते. आम्लाऐवजी त्याचे मिथिल एस्टर घेतले तर पाण्याच्या जागी मेथिल अल्कोहोल बाहेर पडते आणि तयार होते तेच पॉलिएस्टर. कच्चा माल वेगळा, भांडी वेगळी, बाहेर पडणारा पदार्थ वेगळा. पण हाती येणारा रेणू तोच.

रसायनशास्त्रात ही गोष्ट नेहमीचीच आहे. मात्र गावाच्या वाटेवरून कोणीही जावे, तसे रसायनाच्या वाटेचे नसते. तिला मालक असू शकतो. त्या मालकीच्या कागदाला पेटंट म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘एकस्व’ असा चांगला शब्द आहे. एक म्हणजे एकट्याचे, स्व म्हणजे धन. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती सविस्तर लिहून जगापुढे ठेवायची आणि त्याबदल्यात काही वर्षे ती वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा हक्क सरकारने त्याला द्यायचा, असा हा सौदा आहे. मुदत संपली की युक्ती सर्वांची.

आता प्रश्न असा, की हक्क गावावर मिळतो की वाटेवर? एखाद्याने औषध तयार करण्याची एक कृती शोधली, तर दुसऱ्याने निराळ्या कृतीने तेच औषध करावे की नाही? आणि ती कृती खरोखर निराळी आहे हे ठरवायचे कोणी व कसे? या प्रश्नावर मुंबईच्या उच्च न्यायालयात एक गाजलेला खटला झाला. एका बाजूला जर्मनीतली बलाढ्य होक्स्ट कंपनी, दुसऱ्या बाजूला मुंबईची युनिकेम लॅबोरेटरीज, आणि तिच्यामागे परळच्या हाफकिन संस्थेतली रसायनशाळा. वाद होता मधुमेहाच्या एका पांढऱ्या गोळीवरून. न्यायालयात जाण्याआधी त्या गोळीची ओळख करून घेऊ, कारण तिची जन्मकथा खटल्याहून कमी रंजक नाही.

विषमज्वराकडून मधुमेहाकडे

१९४२ साल. दुसऱ्या महायुद्धात होरपळणाऱ्या फ्रान्समध्ये, माँपेलिए या गावी झांबाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देऊन पाहत होते. औषध जंतूंवर चालावे अशी अपेक्षा. झाले भलतेच. काही रोगी घामाघूम झाले, काहींना फेफरे आले, काही बेशुद्ध पडले. रक्त तपासले तेव्हा त्यातली साखर एकदम खाली गेलेली आढळली. त्याच गावचे लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवून दिले, की हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. ज्या कुत्र्याचे स्वादुपिंडच काढून टाकले आहे त्याच्यावर औषधाचा परिणाम होईना.

ही केवढी मोठी बातमी होती हे लक्षात घ्या. १९२१ मध्ये इन्शुलिन सापडले, पण ते टोचूनच घ्यावे लागते. गोळी गिळून भागत नाही, कारण ते प्रथिन असल्यामुळे पोटात पचून जाते. रोज सुई टोचून घेणाऱ्या रोग्याला गोळीचे काय अप्रूप वाटेल! तरीही युद्धाच्या धामधुमीत हा शोध बाजूला पडला. पुढे १९५५ मध्ये बर्लिनच्या फ्रांके आणि फुक्स या डॉक्टरांनी कार्ब्युटामाइड या दुसऱ्या एका सल्फा औषधाबद्दल तीच हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

कार्ब्युटामाइडमध्ये एक खोट होती. त्याच्या रेणूच्या एका टोकाला ॲमिनो गट आहे. सल्फा औषधे जंतूंना मारतात ती याच गटाच्या जोरावर. मधुमेह्याला जंतू मारणारे औषध आयुष्यभर कशाला द्यायचे? शिवाय त्याचे दुष्परिणामही दिसू लागले होते. होक्स्टच्या रसायनज्ञांनी तो ॲमिनो गट काढून तिथे साधा मिथिल गट बसवला. जंतू मारण्याचा गुण गेला, साखर उतरवण्याचा राहिला. या नव्या रेणूचे नाव टोलब्युटामाइड. १९५६ मध्ये ‘रॅस्टिनॉन’ या नावाने त्याच्या गोळ्या जर्मनीत बाजारात आल्या.

ज्यांचे स्वादुपिंड थोडेफार काम करते अशा, बहुधा उतारवयात मधुमेह जडलेल्या रोग्यांनाच ही गोळी लागू पडते. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन मुळी तयारच होत नाही त्यांना तिचा उपयोग नाही. लुबातिएर यांच्या कुत्र्यांनी हेच सांगितले होते.

रेणूची सांधेजोड

टोलब्युटामाइडचा रेणू तीन तुकड्यांचा आहे, असे समजा. डावीकडे टोल्युइनपासून आलेला तुकडा. त्याला गंधक आणि प्राणवायू असलेला सल्फोनिल गट चिकटलेला. उजवीकडे चार कार्बन अणूंची ब्युटिल शेपटी. आणि मध्ये या दोघांना सांधणारा युरियाचा पूल. तोच युरिया, जो तुमच्या शेतात पिकाला घालतात! युरियाच्या मधोमध एक कार्बन अणू असतो. त्याला एका हाताला प्राणवायू आणि दोन बाजूंना नायट्रोजन. या दोन नायट्रोजनांना डावा आणि उजवा तुकडा जोडला की झाले टोलब्युटामाइड.

जाता जाता एक गंमत. टोल्युइनवर क्लोरोसल्फॉनिक आम्लाची क्रिया केली की दोन भावंडे जन्माला येतात, ऑर्थो आणि पॅरा. ऑर्थो भावंडापासून सॅकरिन करतात. पॅरा भावंड सॅकरिनच्या कामाचे नाही. टोलब्युटामाइडला मात्र तेच लागते. मधुमेह्याच्या चहातली खोटी साखर आणि त्याच्या रक्तातली खरी साखर उतरवणारी गोळी, दोन्ही एकाच हंड्यातून निघू शकतात.

पूल बांधायच्या रीती अनेक. डावा तुकडा तयार ठेवून त्यावर ब्युटिल आयसोसायनेट घालावे. किंवा उलट, आयसोसायनेट डाव्या बाजूला करून त्यावर ब्युटिल अमाइन सोडावे. किंवा अर्धा पूल आधी बांधून घ्यावा आणि शेपटी मागाहून जोडावी. आणखी एक आडवाट आहे: युरियाचा पूल न बांधता आधी थायोयुरियाचा बांधावा. थायोयुरिया म्हणजे युरियाच; फक्त मधल्या कार्बनच्या हातात प्राणवायूऐवजी गंधक. पूल पक्का झाला की हा गंधक काढून टाकायचा आणि त्याच्या जागी प्राणवायू बसवायचा. घराची बांधणी लाकडी खांबावर करून घ्यावी आणि मग खांब काढून दगडी बसवावा, तसाच हा प्रकार.

हीच आडवाट मुंबईच्या खटल्यात महत्त्वाची ठरली.

परळची रसायनशाळा

हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही सर्पदंशावरच्या लसीमुळे ऐकले असेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. त्या कामातून ही संस्था उभी राहिली. १९२५ पासून तिला त्यांचे नाव आहे. पण इथे नुसत्या लसीच होत असत असे नाही. साहिबसिंग सोखी संचालक असताना इथल्या रसायनशाळेत सल्फा औषधांवर बरेच काम झाले होते. टोलब्युटामाइड हे सल्फा औषधांचेच भावंड, तेव्हा या शाळेला ते परके नव्हते.

हाफकिनच्या रसायनज्ञांनी टोलब्युटामाइड करण्याची स्वतःची कृती बसवली. या कृतीला हाफकिनने भारतात एकस्वही मिळवले. युनिकेमने त्या कृतीच्या आधारे ‘युनि-टोलबिड’ या नावाने गोळ्या काढल्या. भारतात शोधलेली कृती, भारतात केलेले औषध, तेही सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेतून आलेले. कोणालाही वाटेल, यात वावगे काय?

होक्स्टला वावगे वाटले. टोलब्युटामाइडसारख्या सल्फोनिल युरियांच्या कृतींचे भारतातले एकस्व, क्रमांक ५८७१६, त्यांच्या नावावर होते. त्यांनी युनिकेमला न्यायालयात खेचले.

चतुःसीमा

तुमच्या घरी शेताचे खरेदीखत असेल तर वडिलांकडून मागून पाहा. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट. एकस्वाच्या कागदातही अशाच चतुःसीमा असतात. सुरुवातीची पाने शोधाचे वर्णन करतात, आणि शेवटी हक्काची कलमे येतात. न्यायाधीश भांडण सोडवताना मुख्यतः या कलमांचा शब्द न् शब्द कीस काढून पाहतात. कलमात जे बसते ते मालकाचे, कलमाबाहेरचे सर्वांचे.

होक्स्टच्या कागदपत्रात एकच वाट लिहिलेली नव्हती. जिथून जिथून गावात शिरता येईल त्या बहुतेक वाटा कलमांत ओवलेल्या होत्या. थायोयुरियातला गंधक घालवण्याची आडवाटही त्यांत होती. शिवाय कलमे टोलब्युटामाइडपुरती मर्यादित नव्हती, तशाच बांधणीच्या असंख्य रेणूंना ती लागू होती. युनिकेमच्या वकिलांनी इथेच बोट ठेवले. इतके अफाट क्षेत्र एका कागदाने कसे बळकावता येईल? या क्रिया रसायनज्ञांना आधीपासून ठाऊक होत्या, यात नवे ते काय? आणि हाफकिनची कृती तर वेगळीच आहे; तिला स्वतंत्र एकस्व मिळाले आहे, हा त्याचा पुरावाच नव्हे का?

या शेवटच्या मुद्द्यावर क्षणभर थांबा, कारण इथे मोठी माणसेही फसतात. एकस्व मिळाले म्हणजे ती कृती वापरायचा परवाना मिळाला, असे आपण समजतो. तसे नसते. एकस्व इतरांना ‘तू करू नकोस’ असे म्हणण्याचा हक्क देते. ‘मी करीन’ असे म्हणण्याचा हक्क देत नाही. समजा, तुम्ही शेजाऱ्याच्या शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर एक उत्तम साकव बांधलात. साकव तुमचा, दुसऱ्या कोणी त्यावरून जाऊ नये असे तुम्ही म्हणू शकाल. पण शेत शेजाऱ्याचे. त्याच्या संमतीशिवाय तुम्हालाही साकवापर्यंत जाता येणार नाही.

१९६८ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती विमदलाल यांनी निकाल दिला. होक्स्टचे एकस्व वैध ठरले आणि युनिकेमने त्याचा भंग केला असे ठरले. क्रिया ओळखीच्या असल्या तरी त्यांतून निघालेला रेणू नवा आणि उपयोगी होता, म्हणून शोध शोधच राहिला. हाफकिनची कृती सुधारलेली असेल, पण ती होक्स्टच्या चतुःसीमेच्या आत पडत होती. औषधांच्या एकस्वावरचा भारतातला हा एक अग्रगण्य निकाल मानला जातो, आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे निकाल बरोबर होता. होक्स्टने रेणू शोधला होता, तपासला होता, त्यावर पैसा आणि वर्षे खर्ची घातली होती. त्यांच्या श्रमाचे फळ त्यांना मिळायला हवे, हे कोण नाकारील? अडचण चतुःसीमेच्या लांबीरुंदीची होती. गावात शिरायच्या सगळ्या वाटा एकाच माणसाच्या नावे लिहून दिल्या तर गावच त्याचे झाले. मग ‘कृतीचे एकस्व’ आणि ‘पदार्थाचे एकस्व’ या भेदाला अर्थ काय उरला? आणि त्या गावात पोचण्यासाठी ज्यांचा जीव तळमळतो आहे ते रोगी न्यायालयात पक्षकार नसतात.

कायदा बदलला

हा खटला चालू होता तेव्हा देशात इंग्रजी अमदानीतला १९११ चा कायदाच लागू होता. त्यात एकस्वाची मुदत १६ वर्षे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात दाखवून दिले होते, की भारतातली बहुसंख्य एकस्वे परदेशीयांच्या हाती आहेत आणि त्यांतली बहुतेक इथे वापरलीही जात नाहीत. म्हणजे मालकाने शेत कसायचे नाही आणि दुसऱ्यालाही कसू द्यायचे नाही. याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधल्या केफॉव्हर समितीनेही म्हटले, की औषधांच्या किमतीत भारत जगातल्या सर्वांत महाग देशांत मोडतो. त्या काळचे आपले उत्पन्न लक्षात घेतले म्हणजे या वाक्याची धार कळते.

संसदेने १९७० मध्ये नवा एकस्व कायदा केला. २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. अन्न, औषधे आणि रासायनिक पदार्थ यांच्यावर पदार्थ म्हणून एकस्व द्यायचेच नाही. द्यायचे ते फक्त कृतीवर. अन्न-औषधांच्या कृतीची मुदतही आखूड केली: अर्जापासून सात वर्षे किंवा एकस्वावर मोहोर उठल्यापासून पाच वर्षे, यांतली जी आधी संपेल ती.

आता रसायनज्ञांचे हात मोकळे झाले. गाव कोणाचेच नाही, तेव्हा नवी वाट शोधा! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि देशातल्या कितीतरी कारखान्यांत पुढची तीस वर्षे हाच उद्योग जोरात चालला. परदेशात नवे औषध निघाले की त्याचा रेणू कागदावर काढायचा, कुठून तोडता येईल ते पाहायचे, तुकडे कोणते मिळतात ते पाहायचे आणि वेगळ्या सांध्याने जोडायचे. काही लोक याला नक्कल म्हणाले. ज्याने प्रयोगशाळेत एखादी क्रिया ४० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणण्यासाठी रात्री जागवल्या आहेत, तो तसे म्हणणार नाही.

हेही दिवस कायम राहिले नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधाच्या रेणूवरच एकस्व मिळू लागले. आता कितीही निराळी वाट शोधा, गावाच्या वेशीवरच अडवले जाईल. कायद्यात एक दिंडीदरवाजा मात्र ठेवला आहे: औषध परवडत नसेल किंवा पुरेसे मिळत नसेल, तर सरकार दुसऱ्याला सक्तीचा परवाना देऊ शकते. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या एकस्व कार्यालयात हा दरवाजा पहिल्यांदा उघडला. बायर कंपनीचे सोराफेनिब हे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे २,८०,००० रुपयांना पडत होते. परवाना मिळालेल्या नॅटको कंपनीला ते ८,८०० रुपयांत द्यायचे होते, आणि विक्रीवर बायरला ठरावीक मोबदलाही.

गोळी पाहून वाट ओळखता येईल?

खटल्याकडे पुन्हा वळू. तुमच्यातल्या चौकस विद्यार्थ्याला एक शंका आली असेल. दोन कारखान्यांच्या गोळ्या समोर ठेवल्या, रेणू तोच, मग कोणती कोणत्या कृतीने झाली हे कळायचे कसे?

बारावीत तुम्ही सोडियमबरोबर पदार्थ वितळवून त्यातला गंधक ओळखता. थायोयुरियाच्या वाटेने आलेल्या गोळीत तो सापडेल असे वाटते ना? सापडेल, पण दुसऱ्या गोळीतही सापडेल, कारण टोलब्युटामाइडच्या डाव्या तुकड्यात सल्फोनिलचा गंधक असतोच. ही परीक्षा इथे कुचकामी.

उपयोग होतो तो मळाचा. कितीही शुद्ध केले तरी औषधात अगदी थोडा मळ उरतोच: अर्धवट राहिलेला थायोयुरिया, न वापरले गेलेले अमाइन, वापरलेल्या द्रवाचा अंश. चिखलाने माखलेल्या चपला पाहून माणूस कोणत्या वाटेने आला ते ओळखावे तसे रसायनज्ञ या मळावरून कृती ओळखतात. क्रोमॅटोग्राफीने हा मळ लाखांत काही भाग असला तरी वेगळा काढता येतो. तरीही कारखान्याच्या बंद दाराआड काय चालते ते सिद्ध करणे अवघडच. म्हणून आता कायद्याने ठरावीक प्रसंगी ओझे उलटवले आहे: नवा पदार्थ तोच असेल, तर आपली कृती वेगळी आहे हे प्रतिवादीने दाखवावे, असे न्यायालय सांगू शकते.

एकस्वांचे कागद हे काही गुप्त दस्तऐवज नाहीत. ते वाचायलाच छापलेले असतात. एकस्वांची माहिती लोकांना शोधून देण्यासाठी सरकारने १९८० मध्ये एक केंद्र काढले, ते नागपुरातच. आता तर एकस्व कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्याही ती पाहता येतात. एखादे उघडलेत तर वर्णनाची पाने वरवर चाळा आणि शेवटची कलमे मात्र सावकाश वाचा. त्यांत ‘किंवा’ हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजा.

टोलब्युटामाइडचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९६९ मध्ये ग्लायबेनक्लामाइड आले. टोलब्युटामाइडच्या हजार-दीड हजार मिलिग्रॅमचे काम त्याचे पाच-दहा मिलिग्रॅम करू लागले. १९७० मध्ये एका अमेरिकी पाहणीने टोलब्युटामाइडचा हृदयावर वाईट परिणाम होत असावा अशी शंका घेतली. तिच्यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. ज्या गोळीसाठी दोन कंपन्या न्यायालयात इतक्या झगडल्या, ती आज डॉक्टर क्वचितच लिहून देतात. होक्स्टही त्या नावाने उरली नाही. १९९९ मध्ये ती रोन-पूलांक या फ्रेंच कंपनीत मिसळून गेली.